क तुकडीची भाषा

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील साताऱ्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि चळवळीतलं प्रत्येक पत्रक आमच्याच घरी घडी घालायला यायचं. चौदा एप्रिलच्या आधी आठवडाभर आम्ही भावंडं गुलाबी, पिवळ्या कागदांच्या ढिगात बसलेली असायचो. मी वाचायला शिकले ती ‘बंधूंनो, भगिनींनो’ या शब्दांवर. त्यामुळे कोणतीही गोष्ट चारचौघांना पटवून सांगितल्याशिवाय ती झाली असं मला वाटतच नाही.

सांगलीला पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या, फुकट वाटता येणाऱ्या संगणक-प्रणालीची सीडी आली. तिच्यातला परवाना मी अक्षर न् अक्षर वाचला. हे वापरा, उघडून बघा, बदला, पुढच्याला द्या, आणि तुम्हाला मिळालेला हक्क त्यालाही द्या, असं त्यात लिहिलं होतं. मी उठून बाकावरच्या मैत्रिणीला म्हटलं, “हे तर पत्रक आहे.”

ती परवाना न वाचता म्हणाली, “बरं हाय. निदान घड्या तरी घालायला नकोत.”

ही मैत्रीण सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याची धाकटी मुलगी. तिच्या घरी, मधल्या खोलीत, तिचा स्वतःचा संगणक होता. आम्ही दोघीही मराठी शाळेतून आलेल्या. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगच्या तासाला आम्ही ‘इफ’, ‘एल्स’, ‘व्हाइल’ हे शब्द मंत्रासारखे पाठ केले होते. डोकं चालत होतं, शब्द अडत होते. ज्याला संगणकाला काही सांगायचंय त्यानं आधी परकी भाषा शिकायची, हा कुठला न्याय? मी या विषयावर मेसच्या रांगेत एवढं बोलले की शेवटी मैत्रीणच म्हणाली, “बोलू नगंस आता. करूया.”

आणि आम्ही सातवीतल्या मुलाला कळेल अशी एक छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा करायला घेतली. तिच्यात ‘लिही’ होतं, ‘जर’ होतं, ‘नाहीतर’ होतं, आणि तेच काम पुन्हा करायला ‘परत’ होतं. अक्षरं मात्र इंग्रजी, कारण मराठी फाँट एका संगणकावर दिसला तर दुसऱ्यावर त्याचे चौकोन व्हायचे. तिला आम्ही नाव ठेवलं नाही, नुसतं भाषा म्हणायचो. माझ्या डोक्यात रात्रंदिवस तीच. साताऱ्यात परत येऊन मी एका संगणक क्लासमध्ये शिकवायला लागले, मैत्रीण सांगलीतच राहिली, आणि भाषा आमच्यात एसटीनं ये-जा करू लागली.

ती कशी, ते सांगायला हवं. सीव्हीएस नावाचा एक प्रोग्रॅम त्या सीडीवर होता. तो आमच्या फायलींचं भांडार सांभाळायचा. प्रत्येक बदल त्यात टाकताना विचारायचा, काय बदललंत? आपण टीप लिहायची. मग तो बदल, तारीख, टीप सगळं जपून ठेवायचा, आणि कधीही मागच्या अवस्थेला नेऊन दाखवायचा. आमची भाषा एवढी लहान की हे अख्खं भांडार एका फ्लॉपीत मावायचं. आठवड्याला ती फ्लॉपी साबणाच्या डबीत बंद होऊन सातारा–सांगली गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरच्या खिशातून जायची. फ्लॉपी तिकडे असताना मी इकडे काम करतच असायचे. ती परत आली की दोघींचं काम एकत्र करायचं. आम्ही दोघींनी एकाच ओळीला हात लावला असेल तर तो प्रोग्रॅम माझी ओळ आणि तिची ओळ एकाखाली एक लिहायचा आणि सांगायचा, ठरवा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. मी चळवळीतली फाटाफूट पाहिलेली मुलगी. एका वादाची दोन पत्रकं निघतात आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे मला ठाऊक होतं. इथे दोन्ही बाजू एकाच कागदावर होत्या.

टिपांवरून मात्र आमचं नेहमी वाजायचं. मैत्रिणीची टीप म्हणजे ‘दुरुस्ती’. एवढंच. माझी टीप म्हणजे का, कशासाठी, आधी काय होतं, त्यानं कुणाचं नुकसान होत होतं, आता काय होईल. माझं म्हणणं साधं होतं. उद्या ही भाषा कोणीतरी तिसरं माणूस उघडणार. त्याला कारण कळायला नको का? म्हणूनच मी फायलींच्या माथ्यावर एक सोय करून घेतली होती. टीप लिहिली की ती आपोआप फाइलमध्येच सगळ्यात वर उतरायची. संगणक ती वाचायचा नाही, कारण ती दोन खुणांच्या मध्ये बंद असायची. तिरकी रेघ आणि चांदणी लिहिली की संगणक डोळे मिटतो, चांदणी आणि तिरकी रेघ आली की उघडतो. मधलं सगळं माणसांसाठी.

मैत्रीण फोनवर म्हणायची, “तीन वळी बदलल्यास आणि तीस वळींचं भाषण ठोकलंयस. मतं मागायची हायत का?”

तिची थोरली बहीण आष्ट्याला एका शाळेत गणित शिकवायची. आम्ही दोघीही तिला ताई म्हणायचो. त्या शाळेला नुकतेच काही संगणक मिळाले होते आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं होतं की खोली फक्त अ तुकडीला उघडायची. बाकीच्यांना इंग्रजी येत नाही, ती संगणकाशी काय बोलणार? ताई सातवी क ची वर्गशिक्षिका. ती त्यांच्याशी भांडली, आमच्या भाषेबद्दल सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, “एक तास देतो. मी स्वतः बसेन. मुलांना जमलं तर बघू, नाही जमलं तर हा विषय परत काढायचा नाही.”

ताईनं हे आम्हाला कळवलं तेव्हा मला गगन ठेंगणं झालं. आमच्या भाषेत कुणीतरी खरंच बोलणार होतं. पण ताईला धास्ती होती. आमचा एक प्रोग्रॅम चालला नसता तर तिच्या वर्गासाठी ते दार कायमचं बंद होणार होतं.

ठरल्या दिवशी सकाळी मी सांगलीला पोचले. मैत्रिणीनं आदल्या संध्याकाळी ‘परत’चं शेवटचं काम करून भांडारात टाकलं होतं. शाळेच्या संगणकांवर लिनक्स नव्हतं, म्हणून तिनं आपल्या संगणकाची पेटी चादरीत गुंडाळली आणि आम्ही ती मांडीवर घेऊन आष्ट्याच्या गाडीत बसलो. कंडक्टर म्हणाला, “काय गं पोरींनो, टीव्ही हाय का?” मैत्रीण म्हणाली, “न्हाई मामा, मास्तर हाय. अर्ध्या तिकिटात बसतोय का बघा.”

शाळेतल्या एका संगणकाचा पडदा जोडला, तिचा संगणक चालू झाला. भाषा तयार होतीच, चालवायची तेवढी बाकी होती. इथे मी अडून बसले. म्हटलं, तयार करून आणलेलं दाखवायचं नाही. भांडारात जे आहे, कुणालाही जे मिळेल, तेच इथे सगळ्यांसमोर बांधायचं, म्हणजे लिहिलेल्या फायलींतून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचा. लोकांना एक आणि भांडारात दुसरं, हे आपण करणार नाही. मैत्रिणीनं डोळे फिरवले, पण जुनं सगळं पुसलं, फ्लॉपी घातली, भांडारातून फायली नव्यानं काढल्या आणि बांधायचा हुकूम दिला.

सातवी क समोर जमिनीवर बसली होती. मुख्याध्यापक खुर्चीत, हातात छडी नाही पण बसणं तसंच.

पडद्यावर चुकांचा पूर आला. ओळीमागून ओळी वर सरकत गेल्या. मैत्रिणीनं ‘परत’चा भाग उघडला, प्रत्येक कंस तपासला. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. कालचा बदल अगदी बरोबर होता. काल तिच्याकडे चालला होता. ताईनं वेळ जाऊ नये म्हणून मुलांना, तिनं आधीच शिकवून ठेवलेल्या आमच्या शब्दांत, वहीत प्रोग्रॅम लिहायला लावला: एकोणतीसचा पाढा लिहून दाखवायचा. मुलं माना खाली घालून लिहायला लागली. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं.

ताई आमच्यामागे येऊन उभी राहिली. तिला संगणकाचं काही कळत नव्हतं, म्हणून तिनं पडद्यावर जे होतं ते पहिल्या ओळीपासून नुसतं वाचलं. थांबली. म्हणाली, “हा म्हणतोय, ‘भगिनींनो’च्या आधी काहीतरी बिघडलंय.”

मी मैत्रिणीकडे बघितलं. मैत्रिणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

काल संध्याकाळी तिला माझी थट्टा करायची हुक्की आली होती. टीप लिहिताना ‘दुरुस्ती’ न लिहिता तिनं अख्खं पत्रक लिहिलं होतं. बंधूंनो भगिनींनो जागे व्हा, जुन्या ‘परत’चे जोखड झुगारा, असं. आणि आमच्या पत्रकांना असते तशी वर-खाली नक्षीची पट्टी हवी म्हणून तिनं ओळभर चांदण्या आणि तिरक्या रेघा आलटून पालटून ठोकल्या होत्या. टीप आपोआप फाइलीच्या माथ्यावर उतरली. तिथं नक्षीतली पहिलीच चांदणी आणि तिरकी रेघ बघून संगणकानं डोळे उघडले, आणि पत्रक वाचायला लागला. तिनं प्रोग्रॅम तपासला होता तो टीप लिहिण्याच्या आधी. टीप लिहिल्यावर कोण कशाला तपासेल?

मला हसू आवरेना. खोलीत सगळ्यांसमोर मी पोट धरून हसले.

मुख्याध्यापक म्हणाले, “तुमचा संगणक भाषणं करतो का?”

“करत नाही सर,” मी म्हटलं, “ऐकतो. आणि त्याला पटलेलं नाही.”

मुलं खिदळली. मैत्रिणीनं नक्षी खोडली, हुकूम दिला, आणि भाषा उभी राहिली. मग जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. मुलं रांगेनं येत होती, वहीतलं एकेक अक्षर शोधून बोटानं दाबत होती. पहिल्या मुलीनं ‘परत’ लिहिलं आणि एकोणतीसचा पाढा सरसर पडद्यावर उतरला. ज्या पाढ्यापायी त्या वर्गानं मार खाल्ला होता तो पाढा. मागून कोणीतरी ओरडलं, “आयला, चुकलं न्हाई.” मग एकानं एकोणनव्वदचा मागितला, एकानं हजाराचा. ताई भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतं, मुख्याध्यापकांकडे होतं.

ते उठले. मुलांनी वाट दिली. त्यांनी स्वतः, उभ्यानं, सावकाश टाइप केलं: सात भागिले दोन लिही.

पडद्यावर आलं, तीन.

ते वळले. “आम्ही चौथीत औटकी पाठ केली. साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडावर. आणि तुमचं यंत्र तीनवर थांबतं?”

मैत्रीण सांगायला लागली की सर, ही भाषा फक्त पूर्णांक ओळखते, भागाकारातला उरलेला भाग ती टाकून देते. ते म्हणाले, “टाकून देते म्हणजे? उरलेला अर्धा गेला कुठं?”

ताईचा चेहरा उतरला. आणि मला मात्र काय झालं कोण जाणे, मला त्या माणसाचा हेवा वाटला. आम्ही इतके महिने या भाषेवर राबत होतो आणि हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता, कारण पुस्तकात तसंच होतं. मी म्हटलं, “सर, तुमचं बरोबर आहे. आम्ही दुरुस्त करतो. पण तुम्ही तास बंद केलात तर दुरुस्त झालेलं बघणार कोण? ही मुलं तपासतील. तुम्ही तपासा.”

त्यांनी खिशातून वेळापत्रक काढलं आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

“गुरुवार,” ते म्हणाले.

ताईनं चाचरत विचारलं, “अ तुकडी, सर?”

“अ कशाला? यांची भाषाच अजून कच्ची आहे. तिला क मध्येच बसू द्या.”

ते बाहेर गेले आणि वर्गात जो गलका उठला तो ताईनं थांबवला नाही.

परतीच्या गाडीत आम्हाला जागा मिळाली नाही. एका म्हाताऱ्यानं पेटी मांडीवर घेतली आणि आम्ही दांडा धरून भांडायला लागलो. मैत्रीण म्हणत होती, दशांश करू, साडेतीन म्हणजे तीन पूर्णांक पाच दशांश, एका दिवसाचं काम. मी म्हणत होते, अपूर्णांक करायचे, वर एक आकडा, खाली एक, कारण बाजारात पावशेर मागतात, शून्य पूर्णांक पंचवीस शतांश शेर कुणी मागत नाही. ती म्हणाली, “तुझ्या अपूर्णांकापायी अख्खी भाषा पुन्हा लिहावी लागंल.” मी म्हटलं, लिहू. म्हातारा दोघींकडे आलटून पालटून बघत होता. शेवटी ठरलं की भांडारात दोन फांद्या काढायच्या. एकीवर तिनं तिचं करायचं, दुसरीवर मी माझं, आणि बुधवारी दोन्हींना औटकी म्हणायला लावायची. जी चुकेल ती मागे राहील.

साताऱ्याला परत जायचा विचार मी सोडून दिला. सांगलीत उतरल्यावर आधी एसटीडी बूथवरून क्लासला कळवलं की मला बरं नाही, आणि पेटी एका बाजूनं मी, एका बाजूनं तिनं धरून आम्ही तिच्या घराकडे जवळजवळ पळतच निघालो.