उरलेल्या गोळीचा तपास

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली, पण सोयगावकडची ती सासू अजून डोळ्यांपुढे आहे. तिची नवी सून शहरातल्या दवाखान्यात दाखल होती. तोंड सुजलेलं, अंगभर उठलेल्या गांधी, श्वास कोंडलेला. "सासूनं इख घातलं," असा फोन मुलीच्या वडिलांनी आमच्या पोलीस ठाण्यात केला.

सासूला चौकशीला बोलावलं. ती घाबरण्यापेक्षा चिडलीच जास्त होती. "घसा दुखतो म्हणली, म्हून माझ्या उरलेल्या गोळ्यातली एक दिली. मला लई गुण आला व्हता, साहेब!"

गोळ्यांचं पाकीट पंचनामा करून जप्त केलं. औषध पेनिसिलिनच्या गटातलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अ‍ॅलर्जीच वाटते. पण आधी कधी औषधाचा त्रास झाला होता का विचारलं, तर मुलीची आई नाही म्हणते." वडील हटून बसले, "मग इखच हाय. अटक करा तिला."

मी पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. वडील बोलतच राहिले. आईनं मात्र नजर चोरली. आरोप करणारा माणूस पुराव्याकडे टक लावून बघतो, हा माझा अनुभव. महिला हवालदाराला सोबत घेऊन मी आईशी बाजूला बोललो. "बाई, आज मुलगी वाचली. उद्या कुणी पुन्हा हेच औषध दिलं तर?"

तिचा बांध फुटला. "ल्हानपणी सुई दिली तवाबी असंच झालं व्हतं. हे ऊसतोडीला गेलते, त्यांना सांगितलंच नाय. डॉक्टर म्हणले, हे औषध परत देऊ नका. पर पोरीत खोट हाय म्हणून सोयरीक मोडली असती. पोरीलाबी कळू दिलं नाय."

मला संताप आला. दुसरी बाई तुरुंगात जायची वेळ आली, तरी ही गप्प होती! तिला रडताना पाहून कीवही आली.

तक्रार तिथंच मिटली. डॉक्टरांनी दोन्ही घरांना वॉर्डात सुनेच्या खाटेजवळ बसवून समजावलं: एकाची उरलेली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, प्रत्येक दवाखान्यात अ‍ॅलर्जी आधी सांगायची, पुढे तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायची. सासूनं औषधाचं नाव त्यांच्याकडून घोकून घेतलं. मग विहिणीकडे वळली. "इहीणबाई, सांगितलं असतं तर मी दिली असती व्हय गोळी?"

माणसं गुन्ह्यापेक्षा लाज जास्त जपून लपवतात, हे मी त्या प्रकरणात शिकलो. तेवढ्यात सलाईन बदलायला सिस्टर आली. सासू ताडकन उठली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओ सिस्टर, आमच्या सुनंला पेनिसिलिन चालत नाय!"