मामांच्या फटफटीवरचे दोन कर्णे

सत्तरच्या दशकात सोलापुरात मी एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो आणि तारा जोडण्याच्या बाबतीत माझ्याएवढं कुणाला काही कळत नाही अशी माझी ठाम समजूत होती. ही समजूत मोडायला मामांची फटफटी कारणीभूत झाली.

मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, ज्यांच्या घरी मी राहायचो, ते एका फिरत्या तंबू सिनेमाचे जाहिरातदार होते. मंद्रूप, वळसंग, मोहोळ अशा गावांत तंबू लागायचा. मामा बाजाराच्या दिवशी तोंडाला पत्र्याचा भोंगा लावून सायकलवरून हिंडायचे आणि आज कोणतं चित्र आहे, त्यात किती मारामाऱ्या आणि किती रडारड आहे, ते ओरडून सांगायचे. त्यांचा आवाज असा की भोंगा ही नुसती शोभाच होती. मामी म्हणायची, "घरात बी ह्यास्नी हळू बोलाय येत न्हाय. मीठ मागितलं तरी गल्लीला कळतं."

मग त्यांचा घसा बसला. महिनाभर काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी डॉक्टर झाले. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात गाठी आहेत, आता ओरडलात तर आवाज कायमचा जाईल. तंबूचे मालक माणूस वाईट नव्हते, पण मुक्या जाहिरातदाराचं ते तरी काय करणार? ते म्हणाले, "मंद्रूपच्या बाजारापर्यंत थांबतो. तिथं काम जमलं तर तुम्हीच. नाही जमलं तर मोहोळचा तो तबकड्या वाजवणारा कर्णेवाला मला विचारतोच आहे."

मामांना दुसरं काही येत नव्हतं. शेती नव्हती, मागावर कधी बसले नव्हते. घरी आले आणि जेवणाच्या ताटावर गप्प बसून राहिले. मामांना गप्प बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते अजिबात सहन झालं नाही. मी म्हणालो, "मामा, मालकांची ती जुनी फटफटी मागून आणा. तिच्यावर अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन कर्णे बसवतो. तुमी नुसतं कुजबुजायचं. वरडायचं काम मशीन करंल."

फटफटी आली. माझ्या दुकानाच्या मालकांनी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर देऊ केला आणि मी कामाला लागलो. एक कर्णा पुढं हँडलच्या वर, दुसरा मागं कॅरियरवर उलट्या तोंडाचा, म्हणजे येणाऱ्यालाही ऐकू जावं आणि गेलेल्यालाही. गाडीची बॅटरी सहा व्होल्टची आणि अ‍ॅम्प्लिफायरला हवे बारा, म्हणून तसलीच दुसरी बॅटरी डिकीत ठेवून दोन्ही एकीमागे एक जोडल्या. इथपर्यंत कुणीही केलं असतं.

खरी मेख पुढं होती. त्या गाडीत बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं होतं आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याच्या डब्याला उणं टोक. म्हणजे डब्याचा पत्रा आणि गाडीचा पत्रा हे एकमेकांचे उभे वैरी. दोघं चिकटले की सगळी वीज तिथंच आडवी जाणार आणि फ्यूज उडणार. सवती परवडल्या. म्हणून मी कॅरियरवर फळी टाकली, फळीवर ट्यूबच्या रबराचे दोन थर दिले आणि त्यावर डबा बसवून सुतळीनं आवळला. माइकच्या दांड्यालाही रबर गुंडाळलं. कुठंही पत्र्याला पत्रा लागत नव्हता. संध्याकाळी गल्लीत बटण दाबलं आणि मामा हळूच म्हणाले, "हॅलो." आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असतो. त्याच्यावरून ते "हॅलो" पार टोकापर्यंत गेलं आणि विणकरांच्या बायका तेलुगूत काहीतरी म्हणत दारात आल्या. त्या रात्री मी मनात मांडे खात झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंद्रूपच्या बाजाराला निघायच्या आधी मामीनं फटफटीची पूजा केली. हळदकुंकू, नारळ, डब्याच्या मुठीला झेंडूचा हा एवढा हार. मी आंघोळीला गेलो होतो. आलो तोवर मामा गाडी सुरू करून बसले होते. काल सगळं तपासलं होतंच, आज पुन्हा काय तपासायचं, असं म्हणून मी मागं बसलो. बॅटरी वाचावी म्हणून वाटेत बटण बंदच ठेवलं. विजापूर रस्त्यानं मामा मजेत चालले होते. मधूनमधून तोंड न उघडता गुणगुणत होते.

मंद्रूपचा बाजार भरात आला होता. तंबूचे मालक समोरच्या हॉटेलात चहा घेऊन बसले होते, तोंड आमच्याकडं. मामांनी गाडी पिंपळाखाली लावली, माइक तोंडापाशी धरला आणि मी ऐटीत बटण दाबलं. 'फट्' असा बारीक आवाज झाला आणि सगळं थंड. फ्यूज उडाला होता. मी दुसरा घातला. तोही गेला. जवळचे फ्यूज संपले.

आता माझा स्वभाव आधीच तापट, त्यात भोवती माणसं जमलेली. एक जण म्हणाला, "बॅटरीत पानी घाला की." दुसरा म्हणाला, "डबा जरा आपटून बगा, आमचा रेडू आपटल्यावरच बोलतोय." मी त्याच्यावर खेकसलो. कर्ण्यांच्या तारा सोडल्या, पुन्हा जोडल्या. बॅटरीची टोकं घासली. डब्याखाली बोटं घालून रबर चाचपलं, जागच्या जागी होतं. फक्त हार बाजूला करून बघायला गेलो तर मामा खरखरत्या आवाजात म्हणाले, "हाराला हात लावू नगंस. पूजेचा हाय. सुकल्याबिगर काढत नसत्यात." मलाही ते पटलं. देवाधर्मात मी काही फार नव्हतो, पण मामीचा हार कामाच्या पहिल्याच दिवशी ओरबाडायला माझाही जीव धजत नव्हता. म्हणून मी हाराखेरीज सगळीकडं शोधत राहिलो.

अर्धा तास गेला. माणसं पांगायला लागली. मालकांचा चहा संपला आणि ते उठून उभे राहिले. मामांनी ते पाहिलं. त्यांनी माइक माझ्या हातात दिला, गाडीच्या पायदानांवर पाय रोवून उभे राहिले आणि पूर्वीसारखी छाती भरून घेतली. मी "मामा, नगा" म्हणेपर्यंत त्यांनी हाळी दिली. पहिला शब्द कसाबसा निघाला, दुसऱ्या शब्दाला आवाज चिरकला आणि तिसऱ्याला नुसती हवा आली. लोक हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. मामा तोंड उघडं ठेवून तसेच उभे राहिले.

मला इतका संताप आला, इतकी लाज वाटली, की पूजा गेली चुलीत म्हणून मी तो हार हिसडला. खाली मुठीला मामीनं लिंबूमिरची बांधली होती. रस्त्यात हिसक्यानं पडू नये म्हणून दोऱ्याऐवजी माझ्याच पिशवीतली तांब्याची उघडी तार घेतली होती, आणि ती डब्याच्या मुठीतून काढून खाली कॅरियरच्या लोखंडाला चांगली तीन वेढे देऊन पिळली होती. मी दोन थर रबर घालून ज्या वैऱ्यांना वेगळं ठेवलं होतं, त्यांचं मामीनं दृष्ट लागू नये म्हणून लग्न लावून दिलं होतं!

तार तोडली. एकाकडून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद मागून घेतला, त्याची घडी करून फ्यूजच्या जागी बसवली आणि बटण दाबलं. कर्ण्यांनी घरघर केली. मी माइक मामांच्या ओठांशी धरला. ते खाली बसले, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि अगदी हळू, देवळात बोलावं तसं म्हणाले, "मंद्रूपकर मंडळी, राम राम."

सगळा बाजार वळला. मालक पुन्हा खाली बसले आणि त्यांनी दुसरा चहा मागवला. मामांना काही क्षण आपल्याच आवाजाचं नवल वाटलं असावं. मग जी गाडी सुटली ती सुटली. नायक कसा, खलनायक कसा, बायकांसाठी बसायची वेगळी सोय कशी, सगळं त्यांनी कुजबुजत सांगितलं आणि बाजारभर दणदणलं. माझा जीव भांड्यात पडला.

आवाज कुठवर जातो ते बघावं म्हणून मी बाजाराच्या शेवटाला चालत गेलो. तिथं एक म्हातारी मिरच्यांचे वाटे लावून बसली होती. मिरच्या सावरता सावरता तिनं विचारलं, "का रं, दरवेळंचा तो वरडनारा गेला काय?"

"गेला न्हाय, आजी. त्योच बोलतोय की."

"ह्यो व्हय?" ती थांबून ऐकत राहिली. मग मान हलवली. "मस्करी करतूस व्हय म्हातारीची? त्याचा आवाज मला घरात ऐकू यायचा. त्यो ऐकला की मी पाटी उचलून बाजाराला निघायची. ह्यो मोठा हाय, पर ह्यो कोन परकाच हाय."

मी परत निघालो. येताना त्या आवाजाकडं पहिल्यांदाच नीट कान दिला. म्हातारीचं खरं होतं. आवाज स्वच्छ होता, मोठा होता, काम चोख करत होता, आणि तो मामांचा नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून काही उपयोग नव्हता.

मामांनी माइक खाली ठेवला होता. मालक येऊन पाठ थोपटून गेले होते, पुढच्या आठवड्याच्या वळसंगच्या बाजाराचं ठरलंही होतं. मामांचा चेहरा खुलला होता.

"कुटवर गेला रं आवाज?" त्यांनी विचारलं.

"पार शेवटापर्यंत."

"मंग? मानसं काय म्हणत हुती?"

मी तारा गुंडाळायच्या निमित्तानं खाली बघितलं. "म्हणत हुती, आवाज लगेच वळकला."

"वळकणारच की!" मामा म्हणाले. "किती वर्सं वरडलोय मी हितं." आणि त्यांनी मोठ्या आनंदानं फटफटीला किक मारली.