पाच मिनिटे बंद गिरणी

"आधी ऐका, मग बोला," असे म्हणून ते मान कलती करत आणि डोळे मिटून घेत. नवख्याला वाटे, म्हाताऱ्याला डुलकी लागली. ती डुलकी नसे.

खेडहून लोट्याच्या कारखान्यांकडे जाताना आत वळले की आमचे गाव लागते. तिथे त्यांना सगळे मस्कतवाले काका म्हणत. तीस वर्षे त्यांनी मस्कतला एकच काम केले: जमिनीखालच्या नळांची गळती शोधणे. हत्यार एकच, तीन फुटांची लोखंडी सळई आणि तिच्या टोकाला लाकडी वाटी. सळई नळावर टेकवायची, वाटी कानाला लावायची. निवृत्त होऊन परतताना विमानतळावर कस्टमवाल्याने विचारले, हे काय? "माझा कान," काकांनी सांगितले. त्याने सामान पुन्हा एकदा उपसले.

आता ते नाहीत. मी सांगतो आहे ते एका मार्च महिन्यातले आहे. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि याच गावात राहत होतो.

गावच्या नळयोजनेचे पाणी सकाळी सात ते साडेआठ सुटायचे. टाकीतून निघालेला जुना बिडाचा पाइप बाजारातून, पिठाच्या गिरणीवरून पुढे डोंगराला चढत वरच्या वाडीत जातो. दोन वर्षे वरच्या वाडीला थेंब मिळाला नव्हता. पाणी वाटेत कुठेतरी जमिनीत जात होते आणि ठिकाण सापडत नव्हते. शेवटी ग्रामसभेत ठरले की सोमवारी वरच्या वाडीचा व्हॉल्व्ह कायमचा बंद करायचा. निदान खालच्यांना तरी नीट पाणी मिळेल. वरच्या वाडीच्या बायका सभेतून उठल्या. त्या हंडे घेऊन विहिरीकडे गेल्या.

काकांनी एक संधी मागून घेतली. शुक्रवारी त्यांनी सळई रस्त्यावर टेकवत टेकवत एक जागा दाखवली. "इथं खणा." अर्धे गाव बघायला जमले. सहा फूट खणल्यावर खाली जांभ्या दगडातली पोकळी लागली. कोरडी ठणठणीत. सरपंच म्हणाले, "काका, मस्कतचं पाणी मस्कतलाच ऱ्हायला वाटतं." गाव हसले. मी चार ओळींची बातमी दिली.

शनिवारी सकाळी सातला दुधाच्या दुकानात काका भेटले. डोळे लाल. एका हातात दळणाचा डबा, दुसऱ्या हातात लांब दांड्याची छत्री. मार्चमध्ये छत्री! तुम्हीही माझ्यासारखेच थबकला असतात.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाय," ते म्हणाले. "कामं आटपून टाकतो. येतोस?"

दुधाची पिशवी घेऊन ते शेजारच्या घरी ताक मागायला गेले. घरातली बाई ताक आणायला आत वळली, तेवढ्यात छत्रीच्या घडीतून सळई निघाली आणि अंगणातल्या नळाला लागली. बाई बाहेर आली तेव्हा छत्री मिटलेली होती. पुढच्या घरी जास्वंदीची फुले मागितली. त्यापुढच्या घरी, एक कोयता सापडलाय, तुमचा का, म्हणून विचारले. असा कोयता सापडलाच नव्हता. चौथ्या घरी प्रकृतीची चौकशी केली. त्या घराशी त्यांचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. घरमालक इतका चक्रावला, की त्याने चहा विचारला.

प्रत्येक अंगणात पाइपवरचा एक नळ होता.

"काल मी जमीन ऐकली," चालता चालता ते मला म्हणाले. "मस्कतच्या वाळूत आवाज जिथं, तिथंच पाणी. आपला जांभा पोकळ. काल मी ढोलाला कान लावला, वाजवणारा दुसरीकडंच होता. जन्म इथला माझा, आणि हेच विसरलो. आज पाइपच ऐकतोय. घरागणिक आवाज वाढत चाललाय."

पुढे गिरणी होती. तिचा खडखडाट एवढा, की तिथे माणूस माणसाला ऐकू येत नसे. लोट्याच्या कंपनीची बस साडेसातला येते. बसआधी दळण टाकणाऱ्यांसाठी गिरणी सातला सुरू व्हायची. म्हणजे पाणी सुटायचे तेव्हाच.

गिरणी चालवणाऱ्या वहिनींनी काकांना पाहिले. त्यांची जीभ जात्याहून बारीक दळायची. "या! आज खड्डा कुठं? माझ्या चुलीत?"

"वहिनी, पाच मिनटं गिरणी बंद ठेवा."

"का? तुमच्या कालच्या खड्ड्याला झोप लागायचीय?"

"ऐकायचंय."

"आनि बस चुकली तर ह्या बायकांना तुम्ही पाठुंगळी नेनार लोट्याला?"

रांगेत पहिली उभी होती ती वरच्या वाडीची होती. तिने आपला डबा उचलून बाजूला ठेवला. "करा बंद, वहिनी. माझं दळान ऱ्हावदे. दळून तरी काय करू? पीठ मळायला घरात पानी नाय."

वहिनींनी तिच्याकडे पाहिले आणि खटका पाडला.

पट्टा फिरत फिरत थांबला. काकांनी छत्रीतून सळई उघडपणे काढली, गिरणीच्या नळावर टेकवली आणि डोळे मिटले. कुणी खोकलेसुद्धा नाही. मग ते तीन पावले रस्त्याकडे सरकले, वाकले, पाइप जिथून ओट्याखाली शिरतो तिथे सळई लावली. बराच वेळ तसेच राहिले. मग वाटी माझ्या कानाला दिली.

तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर येतो तसा आवाज होता. फक्त तो थांबत नव्हता.

सरपंच धावत आले. "काका, एक खड्डा पुरे झाला."

"आधी ऐका, मग बोला." काकांनी वाटी त्यांच्या कानाला लावली. सरपंचांनी ऐकले आणि ओट्याकडे बघितले. वहिनी म्हणाल्या, "खणा ओटा. माझा हाय."

दुपारपर्यंत पाइप उघडा पडला. दोन नळ्यांचा सांधा बोटभर सुटला होता आणि त्याखालचा जांभा पाण्याने पोखरून खोल झाला होता. दोन वर्षांचे पाणी तिथून डोंगराच्या पोटात गेले होते. संध्याकाळी सांधा भरला.

रविवारी सात वाजता पाणी सोडले. आम्ही सगळे गिरणीपाशी उभे. वाडीत कुणाला तरी वर पाठवावे, हे एकालाही सुचले नव्हते. पंधरा मिनिटे गेली. वीस गेली. सरपंच घड्याळ बघू लागले. काका कुणाकडे बघत नव्हते.

वरच्या वाडीतून एक पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, थेट गिरणीजवळ उतरते. तिच्या वरच्या वळणावर एक कोंबडी फडफडत उडाली. तिच्यामागून काहीतरी चकाकत खाली आले. एक पायरी, दुसरी पायरी, सुकलेली पाने पुढे ढकलत.

पाणी.

दोन वर्षे कोरडे म्हणून वाडीतल्या प्रत्येक घरचा नळ उघडाच राहिला होता. आता ते सगळे एकदम वाहत होते. वरून बायकांची आरोळी उठली, खालून गावाची. वहिनींनी पदर खोचून ओंजळभर पाणी उचलले आणि सरपंचांच्या अंगावर फेकले.

काका तेवढे हसले नाहीत. त्यांचा चेहरा संतापाने लाल झाला होता.

"अरे, नळ बंद करा!" ते ओरडले. "फुकट चाललंय!"

कुणी ऐकेना. तेव्हा त्यांनी वहाणा हातात घेतल्या, धोतर गुडघ्यापर्यंत उचलले, आणि त्या वाहत्या पाखाडीतून पाणी उडवत, दोन दोन पायऱ्या ओलांडत, वर धावत सुटले.