लसीच्या डब्याचं झाकण

"बघू तरी, आत काय हाय," म्हणत मेंबरांनी लसीच्या डब्याचं झाकण काढलं. त्या सकाळी झाकण निघायची ती तिसरी वेळ. आधी आमच्या साहेबांनी, म्हणजे आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी, बूथच्या उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना दाखवायला काढलं. मग सरपंचांनी, आपल्याला नीट दिसलं नाही म्हणून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आजऱ्याकडच्या एका गावात मी नर्स होते. पोलिओची लस यायची व्हॅक्सिन कॅरिअरमधून. जाड भिंतींचा डबा, कडेनं बर्फाचे चार पॅक, मध्ये बाटल्या. झाकण उघडं राहिलं की गारवा जातो. बर्फ पुरता वितळला की आमच्याकडे लस बाद धरायचे. हे मला साहेबांनीच ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

"साहेब, झाकण लावू द्या."

"सिस्टर, तुम्ही जरा चहाचं बघा."

बूथवर मी एकटीच बाई, म्हणून चहा माझ्याकडे. चहा घेऊन तासाभरानं परत आले तर डबा उन्हात, झाकण बाजूला आणि मंडळी फोटोला उभी. पॅक हलवून बघितले, नुसतं पाणी खळखळलं.

रांगेत पहिली सुशीला होती. काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायची, टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडलेली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. थोरल्या मुलाचा पाय पोलिओनं गेला होता, म्हणून कामाचा खाडा करून ती सगळ्यांच्या आधी आली होती. लस खराब झाली, हे तिला सांगायचं कामही माझ्याच वाट्याला आलं.

"झाकण उघडं कशाला टाकलासा बाई? थोरल्याचं झालं तेवढं बास न्हाय व्हय?"

साहेब दोन पावलांवर होते. पाठ फिरवून पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

दुपारी मीटिंगमध्ये मात्र त्यांना वाचा फुटली. "ग्रीक लोकांची एक गोष्ट आहे. देवांनी पँडोरा नावाच्या बाईला बंद भांडं दिलं. उघडू नको म्हणून बजावलं. तिला राहवलं नाही. सगळी रोगराई बाहेर पडली, तळाशी आशा तेवढी उरली. बायकांना दम नसतो, सिस्टर."

सगळे हसले. माझं डोकं तडकलं.

"साहेब, त्या भांड्यात रोग भरले कुणी?"

"देवांनी."

"मग बोल बाईला का? आणि आपलं झाकण तर बाईनं उघडलंही नव्हतं. बाई चहा आणायला गेली होती."

निष्काळजीपणाचा मेमो तरीही मलाच मिळाला.

कुतूहलाचा मला राग नाही. पोर का रडतंय हे बघितल्याशिवाय नर्सचं काम होत नाही. राग आहे तो आपली हौस भागवून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्यांचा.

दुसऱ्या दिवशी नवीन लस भरलेला कॅरिअर मांडीवर घेऊन एसटीनं गेले आणि थेट काजूच्या शेडमध्ये शिरले. सुशीलानं आधी माझ्या मागं बघितलं.

"सायेब न्हाईत आलं?"

"नाही."

"मेंबर?"

"कुणीच नाही."

"मग चांगली असंल लस," म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या मुलीचं तोंड उघडून धरलं.