आता तिकडून

स्टीलच्या पेल्यावर घराची किल्ली आपटायची, टण्ण आवाज काढायचा आणि म्हणायचं, "आता तिकडून." बाई एवढंच शिकवत. मी हे कौतुकाने सांगत नाहीये. दर रविवारी तो आवाज ऐकून माझं डोकं उठायचं.

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाचा बालविभाग माझ्याकडे आहे. मुलांना भाषण आणि वादविवाद शिकवायला कुणी तरी हवं होतं, म्हणून मीच बाईंना शोधून आणलं. जिल्हा न्यायालयात त्या रीडर होत्या. न्यायाधीशांच्या मंचाखालच्या टेबलाशी बसायचं, फायली पुढे करायच्या, तारखा द्यायच्या. सगळी नोकरी दोन्हीकडच्या वकिलांचं ऐकण्यात गेलेली. मला वाटलं, इतकी भाषणं कानावरून गेलेली बाई मुलांना धडाधड बोलायला शिकवेल. तुम्हालाही असंच वाटलं असतं.

पहिल्याच रविवारी पडाव भागातल्या घरून ई-रिक्षाने आल्या. पिशवीतून पेला काढला, किल्ली काढली आणि एक जाड रजिस्टर. सातवीतल्या एका मुलाला उभं केलं. विषय दिला, गृहपाठ असावा की नसावा. मुलगा तावातावाने गृहपाठाच्या विरोधात बोलू लागला. मागे बसलेले पालक खूश. तेवढ्यात टण्ण! "शाब्बास बेटा. आता तिकडून."

म्हणजे त्याच दमात आता गृहपाठाच्या बाजूने बोलायचं. मुलगा गप्प झाला. बाईही गप्प. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी खुणेने म्हटलं, अहो, मदत करा त्याला. बाई पदराने चष्मा पुसत बसल्या. शेवटी मुलगा चाचरत म्हणाला, "गृहपाठ असला तर... मतलब, बाबा माझ्याजवळ बसून जातात."

बाईंनी ते वाक्य रजिस्टरमध्ये उतरवलं, मोठ्याने वाचून दाखवलं आणि रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. "हेच बोललास ना? मग कर सही." कोर्टातली जबानी घ्यावी तशी त्या प्रत्येक मुलाची एकेक ओळ घेत. आधी बोल, मग सही, हा तिथला कायदा. सहीसाठी मात्र मुलं जीव टाकायची. पहिलीतली एक चिमुरडी महिनाभर फक्त सही गिरवत होती, बोलायची नाही. बाईंना त्याचंही काही नाही.

पालक माझ्याकडे तक्रारी घेऊन येऊ लागले. हातवारे शिकवत नाहीत. उच्चार सुधारत नाहीत. मुलं निम्मं हिंदीत बोलतात आणि या ऐकून घेतात. मी बाईंना सांगायचे, त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, स्पर्धेत ही मुलं काय बोलणार आहेत? तीन-तीन मिनिटं नुसती उभी राहतात!"

"घाई कशाची आहे तुम्हाला? फैसला तर सगळ्यात शेवटी असतो," म्हणाल्या आणि पिशवीतून चणे काढून माझ्या हातावर ठेवले. भांडायला आलेल्या माणसाच्या हातावर चणे ठेवणाऱ्या बाईशी तुम्ही कसं भांडणार, सांगा.

आता माझ्या मुलीबद्दल. जुई, तेव्हा नऊ वर्षांची, याच वर्गात. मी सिटी सेंटरमधल्या बँकेत, घर हरिशंकरपुरमला, तिचे बाबा आठवडाभर भोपाळला. शाळेतून आली की ती खालच्या मजल्यावरच्या आंटीकडे जेवायची आणि मी येईपर्यंत घरातला जुना मोबाइल जवळ ठेवून घरीच असायची. वर्गातली सगळ्यांत बोलकी पोरगी. मंडळाच्या वार्षिक वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली यावी असं मला वाटत होतं. का वाटू नये? आणि कार्यवाहांनी मला बजावून ठेवलं होतं, यंदा तुमच्या वर्गाचं एक तरी बक्षीस दिसू द्या, नाही तर रविवारचा हॉल अबॅकसवाले मागतच आहेत. म्हणजे जे काही मी केलं ते बाईंच्या वर्गासाठीसुद्धा होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

विषय होता, मुलांच्या हाती मोबाइल द्यावा का. मी विरोधातलं भाषण लिहिलं. सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, इथपासून. बारा दिवस रोज संध्याकाळी बँकेतून आल्यावर चप्पल काढली की भाषण. कुठे हात उचलायचा, कुठे आवाज चढवायचा, सगळं बसवलं. बाईंना मात्र ताकास तूर लागू दिली नाही. जुई एकदा म्हणाली, "आई, बाई म्हणतात पाठ केलेलं नको. उनको बुरा लगेगा ना?" मी म्हटलं, बक्षीस मिळालं की बाईंनाही आनंदच होईल.

स्पर्धेच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर भाषणाचा कागद. जुईने सुरुवात अशी केली की शेजारच्या काकूंनी मला कोपराने ढोसलं. हात जिथे उचलायचा तिथे उचलला. मी ओळीवर बोट ठेवून तिच्याबरोबर ओठ हलवत होते. निम्मं भाषण झालं, टाळ्याही पडल्या. आणि परीक्षकांपैकी एका गृहस्थांना तहान लागली. पाणी प्यायले आणि पेला स्टीलच्या ताटलीत ठेवला.

टण्ण.

जुई थांबली. वर उचललेला हात हळूच खाली आला. तिने दोन्ही पाय नीट टेकले आणि एकदम वेगळ्याच, घरातल्या आवाजात म्हणाली, "पण तिकडून बघितलं तर..."

माझ्या कानांत नुसतं घूं घूं झालं. कागदावर पुढची ओळ होती, "विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे." मी ती ठळकपणे ओठ हलवून तिला दाखवत होते. ती बघतच नव्हती. मोबाइलच्या बाजूने काहीबाही बोलत होती, मध्येच हिंदी, मध्येच मराठी. कुणी तरी हसलं. बाईंच्या वर्गातली मुलं मात्र माना डोलवत होती. त्यांच्या दृष्टीने पेला वाजला होता, मग आणखी काय करायचं? परीक्षकांनी शेरा दिला, विषयाची बाजू मध्येच बदलली. बक्षीस उत्तेजनार्थसुद्धा नाही.

बाई मागच्या रांगेत होत्या. बाहेर सायकली लावतात तिथे मी त्यांना गाठलं. जे तोंडाला येईल ते बोलले. माझ्या मुलीला तुम्ही धड एका बाजूची राहू दिलं नाहीत, म्हटलं. बारा दिवसांची मेहनत मातीत गेली. तुम्हाला शिकवता येत नाही, फक्त पेला वाजवता येतो. जुई माझा हात ओढत होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलायची त्यांना सवयच नव्हती. माझं संपल्यावर एवढंच विचारलं, "तिचं तिकडचं तुम्ही ऐकलंत?"

मला तो टोमणा वाटला. त्याच आठवड्यात मी कार्यवाहांना सांगून टाकलं, बाईंचं वय झालंय, हॉल अबॅकसला द्या. बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही. एकदा तरी भांडायला यायचं होतं त्यांनी! मी उत्तरं तयार ठेवली होती. शेवटच्या रविवारी पेला, किल्ली, रजिस्टर पिशवीत टाकलं आणि ई-रिक्षा बघत फाटकापाशी उभ्या राहिल्या. मी दुसऱ्या दाराने निघून गेले.

जानेवारीच्या धुक्यात बाई गेल्या. आजारी असल्याचंही आम्हाला कळलं नाही. दोन आठवड्यांनी त्यांचा भाचा बँकेत आला आणि ती पिशवीच माझ्या टेबलावर ठेवून गेला. म्हणाला, "आत्याने सांगितलं होतं, मंडळाची चीज आहे, मंडळाला देऊन दे."

घरी आणून रजिस्टर उघडलं. पानोपानी पोरांच्या वाकड्यातिकड्या सह्या. सगळ्यांत शेवटी, एका वेगळ्या पानावर, स्पर्धेचा दिवस होता.

"जुईचं तिकडून: आई सात वाजता येते. तोवर मी मोबाइलवर तिला सांगते की आज काय झालं. आई घरी आली की भाषण घेते, तेव्हा सांगायला वेळ नसतो. म्हणून मोबाइल हवा." खाली जुईची सही. कधी घेतली होती कोण जाणे.

त्याखाली आणखी एक नोंद होती.

"आईचं म्हणणं: दिवसभर नोकरी करून बारा दिवस मुलीला घेऊन बसली. मुलगी चारचौघांत अडू नये ही काळजी. रागावली ती या काळजीपोटी. तिचं बरोबर आहे." आणि सहीसाठी रेघ, रिकामी.

मी त्यांना एवढं बोलले होते आणि त्यांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडून ठेवली होती. स्वतःचं म्हणणं मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी पुढची कोरी पानंसुद्धा उलटून पाहिली. मला रडू आलं, आणि खरं सांगते, रागही आला. माझ्या तयार ठेवलेल्या उत्तरांचं आता मी काय करू?

सही तरी करावी म्हणून पेन काढलं. जुई केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने पिशवीतून पेला काढला, किल्ली काढली, टण्ण वाजवलं.

"आई, आता तिकडून."

"जुई, आत्ता नको."

"नहीं, पहले बोल. फिर सही."

मी उठून उभी राहिले. आपोआप ओठांवर आलं ते सन्माननीय व्यासपीठ. ते गिळलं. "बाईंचं म्हणणं असं..." म्हटलं, आणि पुढे शब्दच नाही. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. जुई टेबलाशी रजिस्टर उघडून, पेन धरून बसली होती. तिला कसलीच घाई नव्हती.