दोन खंडांचे खेळ आणि दादाचा मुहूर्त

"आत्या, बाबा गेले..." दादाच्या सुनेचा, वंदनाचा, सकाळी फोन आला तेव्हा मी सिंधीपुऱ्यात माझ्या घरी चहा गाळत होते. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? पण त्याच्याही आधी तोंडातून निघालं, "चला बाई, लग्न तर पार पडलं!" पलीकडून वंदनाही रडत रडत "हो ना!" म्हणाली. आमच्याच गावातल्या त्यांच्या लालबागच्या घरासमोरचा मांडव अजून सोडायचा होता. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल, तर वाटू दे. दादाच्या इतकं मनासारखं आमच्या घरात दुसरं कुणी गेलेलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ, इथल्याच एका शाळेत आयुष्यभर पीटीचा मास्तर. ऑलिंपिक, एशियाड सगळ्यांनाच ठाऊक असतात. याचा जीव मात्र आफ्रो-आशियाई खेळांवर. एका खंडासमोर दुसरा खंड उभा राहणार, या कल्पनेनंच तो खुळावायचा. मैदानावर चुन्यानं आशिया आणि आफ्रिका आखायचा आणि पोरांना या खंडातून त्या खंडात उड्या मारायला लावायचा. मधल्या समुद्रात पाय पडला की बाद! "यंदा होणार बरं का," असं प्रत्येक वर्गाला सांगायचा, आणि ते खेळ हटकून पुढे ढकलले जायचे. आधी दिल्ली ठरली, मग दुसरा देश, मग पुन्हा आपल्याकडे... वीसेक वर्षं हाच तमाशा. बाजारात पोरं त्याला गाठून विचारायची, "क्या सर, आफ्रिका आली का?"

शेवटी हैदराबादचं नक्की झालं, तेव्हा याचा विश्वासच उडालेला. "बघ, पुन्हा ढकलतात की नाही," म्हणाला आणि तिकीटच काढलं नाही. एका संध्याकाळी दादा व्हॉलीबॉलची जाळी दुरुस्त करत बसला होता आणि त्याच्या मुलानं, सुनीलनं, टीव्ही लावला. पडद्यावर उद्घाटन! दादा उभाच राहिला. "अरे, हे तर सुरू झालं!" ऐन दिवाळीची गर्दी, आता तिकीट कुठलं मिळायला? पुढचे खेळ अल्जियर्सला होणार म्हणून या गृहस्थानं पासपोर्टसुद्धा काढला. ते खेळ काही झालेच नाहीत. तेव्हापासून घरात कुणी "नंतर बघू" म्हटलं की दादाचं डोकं सणकायचं.

गेल्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं आणि इंदूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. त्यातच नातीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलेलं. सुनील दबकत म्हणाला, "बाबा, तुम्ही बरे होईपर्यंत लग्न पुढे ढकलू या."

"ढकलू?" दादा खाटेवर उठून बसला. "मी बरा व्हायचा नाही. मधेच गेलो तर सुतक, मग तुम्ही वर्षभर थांबणार. पोरगी माझ्या नावानं अडकून बसेल... मला ते सहन व्हायचं नाही रे. पुढे नाही, मुहूर्त अलीकडे ओढा!"

ऋतुजा म्हणाली, "आबा, टेन्शन नका घेऊ, मैं तो रेडी हूँ." पण नवऱ्या मुलाचे वडील जवळच्या फोपनार गावचे केळीवाले. ते येऊन अवघडून बसले. "सर, केळीची कटाई चालू आहे. एक माणूस मोकळा नाही."

"केळी थांबतील?"

"माल तयार झाल्यावर कशाची थांबतात, सर?"

"मग माझंही तसंच आहे," दादा म्हणाला.

व्याही म्हणाले, "करून टाकू."

लग्नाच्या दिवशी ते पहाटे मालाच्या गाड्या भरून थेट मांडवात आले. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच. दादाला खुर्चीत बसवून आणलं होतं. मी शेजारीच होते. दर थोड्या वेळानं विचारायचा, "झाली का सप्तपदी?" झाली म्हटल्यावर लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "आता मला आत न्या." त्या रात्री औषधाशिवाय झोपला. पुढे चारच दिवस होता, पण काय हसतमुख होता!

आधी ठरलेला मुहूर्त उजाडला, तेव्हा घरात दादाचं दिवसकार्य चालू होतं. फोपनारहून ऋतुजा आली होती. पानं उठली आणि ती दिसेना, म्हणून शोधलं, तर दादाच्या खोलीत, दादाच्याच खाटेवर, हिरव्या चुड्याचा हात गालाखाली घेऊन गाढ झोपलेली. वंदना हळूच दार ओढायला गेली. दारासमोरच दादाचा हार घातलेला फोटो मांडला होता. मी म्हटलं, "राहू दे गं उघडं. त्याला डोळे भरून बघू दे."