दादाने हलके केलेले फोटो

दुपारी दादाच्या दुकानाशेजारच्या टेलरचा फोन आला, "शोभाताई, सुधाकरभाऊ खुर्चीत बसलेत, पण उठून नाही राहिले." मी लालबागच्या माझ्या घरून रिक्षाने शनवाऱ्यात पोचले, तेव्हा दादाच्या दुकानातला पंखा चालूच होता. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याचे स्वतःचे दोन फोटो शेजारी शेजारी, दोन्हींत तेच हसू. आणि समोर खुर्चीत तो. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला रडू आलं नाही, भीती वाटली. तिघांतला आपला कोणता, असं मनात येऊन गेलं. मी पुढे होऊन बटण दाबलं, कॉम्प्युटरच बंद केला आणि पडदा काळा झाला.

सुधाकर माझा थोरला भाऊ. आधी लग्नाचे फोटो काढायचा. मोबाईल आले, तो धंदा बसला, मग त्याने वेबसाइटींसाठी फोटो हलके करून देण्याचं, म्हणजे फाईल लहान करण्याचं काम धरलं. केळीचे व्यापारी, वधू-वर मंडळवाले, सगळ्यांना मोठाले फोटो नेटवर टाकायचे असत आणि ते उघडत नसत. बहादरपूरला आमच्या मावशीकडे स्थळाचा फोटो कपाळापर्यंत यायचा आणि अडकायचा. सगळं घर नाकाची वाट बघत बसायचं. दादा तोच फोटो असा हलका करी की बोट लावताच उघडे. "माणूस डोळे बघतो, ओठ बघतो. भिंतीकडे कोण बघतं? वजन भिंतीतून काढायचं," असं तो सांगे.

काम झालं की परीक्षा. मूळ आणि हलका असे दोन फोटो शेजारी लावायचे आणि दुकानात असेल त्याला विचारायचं, "बोल, फरक दिसतो का?" मी हटकून चुकीच्या फोटोवर बोट ठेवी आणि हा लबाड खूश. लगेच मूळ फोटो पुसून टाकी. यावरून आमची कायम जुंपायची.

"अरे, मूळ तरी ठेव!"

"कोणालाच फरक नाही दिसला, तर ठेवून करू काय?"

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

साध्या फोटोंसाठी त्याने मशीनलाच जुंपलं होतं. कॉम्प्युटर चालू झाला की एका फोल्डरमधला प्रत्येक फोटो आपोआप थोडा हलका व्हायचा आणि जुन्याच्या जागी त्याच नावाने बसायचा. संध्याकाळी दादा तयार फोटो तिथून काढून घ्यायचा. त्याचा तो फोटो मीच आदल्या रविवारी त्याच्या कॅमेऱ्याने काढला होता, चौकड्यांच्या शर्टात. जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलेल्या माणसाचा अलीकडचा तेवढा एकच. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याने नेहमीप्रमाणे पुसलेलं निघालं. मूळ फोटोही त्याने पुसलेला, फक्त पडद्यावर तेवढा उघडा होता, आणि कॉम्प्युटरच मी बंद केला. हलका तेवढा त्या फोल्डरमध्ये राहिला. संध्याकाळी तो काढून घ्यायला दादा नव्हता.

तेरावं झाल्यावर कॉम्प्युटर दादाच्या घरी आला. मंदावहिनी फोटोला फ्रेम करू देईना. "राहू द्या इथंच. त्यांचा जीव याच मशीनमध्ये होता." रोज सकाळी आंघोळ करून ती कॉम्प्युटर चालू करी, फोटो उघडी, उदबत्ती लावी आणि समोर बसे. तिच्या डोळ्यांत पाणी नसे, आणि त्याचाच मला घोर लागला होता. एकदा म्हणाली, "ताई, हे रोज जरा जरा वेगळे दिसतात. काल माझ्याकडे बघत होते, आज खिडकीकडे." दुःखात माणूस असं बोलतं, म्हणून मी नुसती मान हलवली.

मध्ये काही आठवडे गेले. एका सकाळी मी तिच्याशेजारी बसून तो फोटो पाहिला आणि चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. मागची भिंत डागाडागांची झाली होती. शर्टाच्या चौकड्या एकमेकींत मिसळल्या होत्या. डोळ्यांच्या जागी करडे चौकोन. हसू होतं, पण ते कोणाचं हे सांगता आलं नसतं...

"वहिनी, फरक दिसतो का गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"छे! जरा हलले असतील, बस्. आज तर खूपच जवळ आलेत."

ती चहा ठेवायला आत गेली. फोटोवर तारीख आजचीच होती, वेळ कॉम्प्युटर चालू केल्याची. दादाचं मशीन त्याला अजून रोज हलकं करत होतं. म्हणजे वहिनी रोज त्याला भेटायला बसत होती आणि तो रोज तिच्यादेखत थोडा पुसला जात होता. मी फोटो त्या फोल्डरमधून काढून बाहेर पडद्यावरच, तिला सहज उघडता येईल असा ठेवला. तिला काही बोलले नाही. उरला आहे तेवढा तरी राहू दे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"ताई, आज ते कालच्यासारखेच आहेत," ती म्हणाली. "एकदम कालच्यासारखे. हललेच नाहीत."

आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडायला लागली.